साडेसात हजार तुकड्यांचं जहाज

खोक्यावर आकडा छापलेला आहे: ७५४१. घरी आलेला पाहुणा तो वाचतो, भुवया उंचावतो आणि नागपुरी सरळपणाने विचारतो, "कितीले पडला?" किंमत कळली की तो मनातल्या मनात भागाकार करतो. "म्हणजे एक तुकडा एवढ्याचा!" जगभरचे हौशी संग्राहकही हेच करतात. लेगोच्या कुठल्याही मोठ्या सेटची चर्चा 'पर पीस' भावापासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. माझं म्हणणं असं की सेट पारखताना याच्याइतका फसवा आकडा दुसरा नाही.

सेट आहे 'मिलेनियम फाल्कन', क्रमांक ७५१९२. 'स्टार वॉर्स'मधल्या हान सोलोचं हे जहाज दिसायला भंगार, पण वेगाच्या बढाया मोठ्या. लेगोने ते २०१७ साली संग्राहकांसाठीच्या 'अल्टिमेट कलेक्टर सिरीज'मध्ये आणलं, अमेरिकेतली किंमत ७९९.९९ डॉलर. त्या वेळी कंपनीने तुकड्यांच्या संख्येत याहून मोठा सेट काढला नव्हता. त्याआधी हा मान आपल्या ताजमहालाकडे होता: २००८ सालचा, ५९२२ तुकड्यांचा. गंमत म्हणजे ताजमहालाने मागे टाकला होता तोही फाल्कनच, २००७ सालचा, ५१९५ तुकड्यांचा. एका चोरट्या मालवाहू जहाजाने शाहजहानकडून आपली गादी परत घेतली, असं म्हणायला हरकत नाही.

मी जो पारखला तो त्रिमूर्तीनगरात मावसभावाच्या घरी आहे. पुतण्याने दहावीनंतरच्या सुटीत जोडला, पुढे तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि जहाज दिवाणखान्यातल्या शोकेसवर राहिलं. आता घराला रंग द्यायचा आहे. "तू असल्या गोष्टींवर लिहितोस नं, मग सांग, विकू का ठेवू? आणि विकायचा तर कितीला?" मावसभावाचा प्रश्न रोखठोक होता. उत्तर मात्र खोक्यावरच्या आकड्यातून निघणारं नव्हतं.

आधी तो भागाकार करूनच टाकू. ७९९.९९ डॉलरला ७५४१ ने भागलं की तुकड्याला साधारण साडेदहा सेंट पडतात. जुन्या फाल्कनला ४९९.९९ डॉलर मोजावे लागत, म्हणजे साडेनऊ सेंटांच्या आसपास. २०२१ सालचा 'एटी-एटी', तो चार पायांचा चालता रणगाडा, ६७८५ तुकडे आणि तीच आठशे डॉलर किंमत, म्हणजे पावणेबारा सेंटांच्या वर. इथवर सगळं सरळ दिसतं. पण त्याच वर्षी लेगोने जगाचा नकाशा काढला, भिंतीवर लावायचा. तुकडे ११,६९५, किंमत २४९.९९ डॉलर. तुकडा दोन सेंटांच्या थोडा वर! मग तो फाल्कनच्या पाचपट चांगला झाला का? नकाशात जे तुकडे आहेत त्यातले बहुतेक शर्टाच्या बटणाएवढ्या गोल टिकल्या आहेत. लेगोच्या मोजणीत अशी टिकलीही 'एक' आणि वीतभर लांबीची तुळईही 'एक'. कंपनीला आकडा फुगवायचा असेल तर टिकल्या वाढवल्या की झालं.

आणखी एक तुलना जास्त बोलकी आहे. २०२१ मध्येच आलेलं 'टायटॅनिक': ९०९० तुकडे, ६२९.९९ डॉलर, तुकड्याला सात सेंटांहून थोडे कमी. टायटॅनिक हे इतिहासातलं जहाज, त्यासाठी कुठल्या चित्रपट कंपनीला परवान्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. फाल्कनसाठी लागतात. दोन्हींच्या भावातला सगळा फरक परवान्याचाच आहे असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, साचे वेगळे, माणसं वेगळी, मागणी वेगळी. पण परवाना हा या किमतीतला एक अदृश्य तुकडा आहे, आणि तो खोक्यावरच्या ७५४१ मध्ये मोजलेला नसतो.

या परवान्याची कथा मजेदार आहे. 'स्टार वॉर्स' २५ मे १९७७ ला अमेरिकेत लागला. दिग्दर्शक जॉर्ज लुकासने जास्त मानधनाचा आग्रह सोडला आणि पुढच्या भागांचे नि खेळण्या-कपड्यांच्या विक्रीचे हक्क आपल्याकडे ठेवले. स्टुडिओला त्या हक्कांत फारसं काही दिसलं नव्हतं. चित्रपट असा काही चालला की खेळणी बनवणाऱ्या केनर कंपनीला नाताळपर्यंत माल तयार करणं जमेना. मग त्यांनी त्या नाताळात बाहुल्यांऐवजी पुठ्ठ्याचं पाकीट विकलं. आत चित्र, थोडे स्टिकर आणि एक कूपन. कूपन पाठवा, बाहुल्या तयार झाल्या की टपालाने घरी येतील! लोकांनी ती रिकामी पाकिटं विकत घेतली. आज तेच पाकीट संग्राहकांच्या बाजारात स्वतःच एक वस्तू म्हणून विकलं जातं.

लेगो या खेळात उशिरा उतरली. डेन्मार्कच्या बिलुंड गावातल्या ओले कर्क क्रिस्टियान्सन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळण्यांपासून सुरुवात केली. आजच्या विटेचं पेटंट २८ जानेवारी १९५८ चं. युद्धाची खेळणी करायची नाहीत हा घराण्याचा जुना बाणा, त्यामुळे नावातच 'वॉर्स' असलेल्या चित्रपटाशी करार करावा की नाही यावर कंपनीत बरंच रण माजलं. अखेर करार झाला आणि १९९९ मध्ये पहिले सेट आले. बाहेरच्या कुणाच्या कथेवर बेतलेली लेगोची ती पहिली मालिका. पुढच्याच वर्षी मोठ्यांसाठीची 'अल्टिमेट कलेक्टर' शाखा फुटली. २००३-०४ मध्ये कंपनी बुडता बुडता वाचली, त्या काळात या मालिकेने हात दिला हे खरं, आणि ज्या वर्षी नवा चित्रपट नसे त्या वर्षी विक्री आपटायची हेही तितकंच खरं. २०१२ मध्ये डिस्नेने लुकासची कंपनीच विकत घेतली, तेव्हापासून परवान्याचा हिशेब तिकडे.

हे सगळं मावसभावाला सांगितलं तर तो म्हणाला, "ते राहू दे, आधी हे जहाज तर पाहा."

पाहिलं. ८४ सेंटिमीटर लांब, ५६ रुंद, २१ उंच. वहिनींच्या मते शोकेसवर ठेवायला 'अवजड नि अडचणीचं'. पण लांबीचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९८० च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'साठी फाल्कनची जी प्रतिकृती कॅमेऱ्यासमोर उडवली गेली ती ३२ इंचांची होती, म्हणजे ८१ सेंटिमीटर. पडद्यावर लघुग्रहांच्या गर्दीतून सुटणारं 'खरं' जहाज त्रिमूर्तीनगरातल्या या जहाजापेक्षा बोटभर लहानच होतं!

साम्य इथेच संपत नाही. फाल्कनचा पृष्ठभाग पाहा: नळ्या, झाकणं, खाचा, जाळ्या, कशाचा काय उपयोग ते कुणालाच ठाऊक नाही. जो जॉन्स्टन यांनी आखलेल्या या जहाजाची पहिली प्रतिकृती १९७६ मध्ये बनवताना कारागिरांनी बाजारातून रणगाड्यांचे, जहाजांचे, विमानांचे प्लॅस्टिकचे किट आणले आणि त्यांचे सुटे भाग जहाजाच्या अंगावर चिकटवले. म्हणजे मूळ फाल्कनच दुसऱ्या खेळण्यांचे तुकडे जोडून झालेला. लेगोच्या सेटमध्ये हेच उलट अंगाने घडतं. कारागिराने किटमधून उचललेला रणगाड्याचा एखादा भाग आता लेगोच्या कुठल्यातरी चाकाने, नळाने किंवा पिशवीच्या कडीने दाखवायचा असतो. सेटचे रचनाकार हान्स बुर्खार्ड श्लोमर. त्यांची खरी परीक्षा या कचऱ्यात आहे, आणि तिथे ते पास झालेत. करड्या रंगाच्या त्या खडबडीत पसाऱ्यात नजर टाकली की एखादी ओळखीची वस्तू दिसते, आणि दुसऱ्याच क्षणी ती जहाजाचा भाग होऊन जाते. लहान तुकड्यांचा उपयोग कसा करावा याचा हा धडा आहे. इथल्या टिकल्या आकडा वाढवायला घातलेल्या वाटत नाहीत.

तरी पारख करायची तर वरचा कचरा बाजूला सारून आत पाहावं लागतं. फाल्कनची वरची कवचं सुटी निघतात, चिमट्यांवर आणि स्वतःच्या वजनावर टेकलेली असतात. आम्ही वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक कवच काढलं. खाली जो सांगाडा दिसतो तो विटांचा नाही. तो लेगोच्या 'टेक्निक' जातीच्या तुळयांचा आहे, भोकं असलेल्या, खिळ्यांनी अडकवलेल्या. मधून आडव्या तुळया, पुढे जबड्यासारख्या दोन भुजांकडे गेलेल्या लांब तुळया. एवढ्या वजनाचं, एवढं चपटं नि पसरट बांधकाम नुसत्या एकावर एक विटा रचून उभं राहत नाही, मधोमध वाकतं. इथे सगळा भार सांगाड्यावरून सात पायांत उतरतो. पुतण्याने जहाज शोकेसवर ठेवताना कडेची पातळ कवचं धरायची चूक केली नव्हती, खाली हात घालून सांगाडा धरला होता. म्हणून इतकी वर्षं होऊनही भुजा झुकलेल्या नाहीत.

सेट चांगला की वाईट हे ठरवण्याची माझी जागा ही. वरून सगळेच सुंदर दिसतात, खोक्यावरचे फोटो तर दिसतातच. उचलताना काय होतं, एक कवच काढलं तर शेजारचं निखळतं का, कोपरे जुळतात की फट राहते, जोडताना पुढचा टप्पा मागच्या टप्प्याला आधार देतो की मोडतो, ही पाहणी करायला कागदावरचे आकडे उपयोगाचे नाहीत. फाल्कनमध्ये त्रिकोणी कवचांच्या सांध्यांत फटी आहेत, जवळून पाहिलं की सलतात. गोल आकार सरळ तुकड्यांतून काढताना हा तडजोडीचा भाग आला. मला त्या खटकतात, पुतण्याला खटकत नाहीत.

२००७ च्या फाल्कनशी तुलना केली तर फरक आतल्या बाजूला आहे. जेन्स क्रोनवोल्ड फ्रेडरिकसन यांनी केलेला तो सेट बाहेरून रुबाबदार, पण चालकाची खोली सोडली तर पोकळ. नव्यात पुढे बैठकीची जागा आहे, तो प्रसिद्ध पटावरचा खेळ आहे, मागे इंजिनाची खोली आहे. जुन्यात पिशव्यांवर क्रमांकही नव्हते, पाच हजार तुकड्यांचा एकच ढीग घालून शोधत बसा! नव्यात पिशव्या १ ते १७ अशा क्रमाने. माणसंही दोन पिढ्यांची: तरुण हान सोलो, लेया, च्युबाका, सी-थ्रीपीओ, आणि नंतरच्या चित्रपटांतले म्हातारा हान, रे आणि फिन. शिवाय बीबी-८ आणि दोन पोर्ग, ते डोळे वटारलेले पक्षी.

दोनपैकी एक पोर्ग आमच्याकडे नव्हता. वहिनींनी सगळे सोफे उलटे केले. वापरलेल्या सेटच्या किमतीचं एक गुपित इथे आहे: चार हजार करड्या तुकड्यांतले पाच हरवले तर सहज बदलून मिळतात, पण एखादी छोटी मूर्ती, म्हणजे मिनीफिगर, हरवली की भाव लगेच घसरतो. काही जुन्या सेटमध्ये एकटा मिनीफिगर उरलेल्या जहाजाएवढा महाग असतो. म्हणून विकत घेणारा आधी माणसं मोजतो, मग जहाज पाहतो.

अस्सल-नक्कल ओळखणं नागपुरात जास्त गरजेचं, कारण इतवारीच्या घाऊक बाजारात 'लेगोसारखे' ब्लॉक्स पोत्याने येतात. कायदा इथे दोन पायांवर उभा आहे. विटेचं पेटंट केव्हाच संपलं, तिचा आकार हाच आमचा ट्रेडमार्क हा लेगोचा दावाही कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये फेटाळला. त्यामुळे जुळणाऱ्या विटा कुणीही बनवाव्यात. पण अख्खा सेट, त्याची चित्रं, त्याची पुस्तिका उचलून छापणं म्हणजे चोरीच. चीनमधल्या शानतौ शहरात 'लेपिन' नावाने हाच धंदा चालला, फाल्कनसकट. एप्रिल २०१९ मध्ये पोलिसांनी कारखान्यावर छापा घातला, पुढच्या वर्षी सूत्रधाराला सहा वर्षांची शिक्षा झाली.

ओळखायचं कसं? भिंग लागत नाही. अस्सल विटेच्या प्रत्येक गोल उंचवट्यावर कंपनीचं नाव कोरलेलं असतं, प्रत्येक म्हणजे प्रत्येक. मग दोन विटा जोडून पाहा. उंचवट्यांच्या मध्यांतलं अंतर आठ मिलिमीटर, विटेची उंची ९.६, आणि पातळ पट्ट्या तीन रचल्या की एका विटेएवढी उंची. ही मापं १९५८ पासून बदललेली नाहीत, त्या वर्षीची वीट आजच्या विटेत बसते. नकलेत एक तर फार घट्ट बसते, नखं दुखतात, किंवा महिनाभरात सैल पडते. छोट्या खेळण्यात हे चालून जातं. पण सात हजार तुकड्यांच्या बांधकामात केसभर चूक सात हजार वेळा साठत जाते आणि शेवटची कवचं बसतच नाहीत. एवढ्या मोठ्या सेटमध्ये अस्सलपणा हा मिरवायचा मुद्दा उरत नाही, त्याच्यावाचून छप्परच बसत नाही.

सीलबंद खोकं विकत घेणाऱ्याला दुसरी भीती. अमेरिकेत दुकानात परत आलेल्या खोक्यांत विटांच्या जागी पास्ता भरलेला निघाल्याचे प्रकार झालेत, हलवलं की खुळखुळतं तसंच! फाल्कनच्या खोक्याचं वजन तेरा किलोंच्या वर. किराणा दुकानातला काटा इथे उत्तम तज्ज्ञ.

आपल्याकडे हा सेट येतो कसा, हेही किमतीत धरावं लागतं. खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ च्या अर्थसंकल्पात ७०. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं. शुल्क आयात किमतीवर लागतं, दुकानातल्या छापील किमतीवर नाही, म्हणून डॉलरच्या भावाला सरळ १.७ ने गुणणं बरोबर नाही. पण परिणाम गुणाकाराच्या जवळपासच जातो. लेगोचं भारतातलं पहिलं अधिकृत दुकान उघडलं तेही २०२५ मध्ये, गुरुग्रामला. मग नागपूरच्या मध्यमवर्गीय घरात फाल्कन पोचण्याची वाट ठरलेली: अमेरिकेतली आत्या. आमच्याही घरात तसंच झालं. तेवीस किलोंच्या बॅगेत ते खोकं जसंच्या तसं मावेना. आत्याने तिकडेच खोकं उघडलं, पुठ्ठा सपाट करून तळाला घातला, पिशव्या साड्यांत गुंडाळल्या, आणि पुस्तिका, जी स्वतःच जाडजूड ग्रंथ आहे, हातातल्या पिशवीत. दोहामार्गे सोनेगावच्या विमानतळावर सगळं सुखरूप उतरलं. पण त्याच क्षणी 'सीलबंद' या शब्दाची सगळी किंमत संपली. संग्राहकाच्या भाषेत आमचा सेट वापरलेला झाला, जोडायच्या आधीच.

आता हवामान. नागपूरचा उन्हाळा प्लॅस्टिकला मारतो हा समज अर्धाच खरा. लेगोच्या विटा १९६३ पासून ज्या एबीएस प्लॅस्टिकच्या बनतात ते शंभर अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं. इथला नोंदलेला उच्चांक ४७.९ अंश, २३ मे २०१३ चा. म्हणजे विटा वितळणार नाहीत. पण कंपनी म्हणते, विटा चाळीस अंशांपेक्षा गरम पाण्यात धुऊ नका, आणि मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी न तापवता त्याच्या वर असतं! खरा शत्रू ऊन, उष्णता नव्हे. पश्चिमेच्या खिडकीतून येणारी तिरपी उन्हं करड्या आणि पांढऱ्या विटा पिवळट करतात. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवलं की पिवळेपणा जातो, पण काही काळाने परततो. स्टिकरचा गोंद मात्र उष्णतेने खरंच सुटतो. आमच्या जहाजासमोरच्या माहितीफलकाचा स्टिकर दोन कोपऱ्यांतून उचकटलाय, मधे बुडबुडा धरलाय. आठशे डॉलरच्या वस्तूवर स्टिकर लावायला देणं हा लेगोचा कंजूसपणाच होता, अलीकडच्या मोठ्या सेटमध्ये हे फलक छापून येतात ते बरं झालं.

आणि कूलर. खसाच्या ताट्या लावलेला कूलर म्हणजे इथल्या उन्हाळ्याचा प्राण, पण त्याची ओलसर हवा आणि धूळ मिळून तुकड्यांच्या फटींत जी राखाडी साय धरतात ती फुंकरीने निघत नाही. खोकं कूलरच्या खोलीत ठेवलं तर पुठ्ठा फुगतो. वहिनी जहाज मेकअपच्या मऊ ब्रशने झाडतात. तेच योग्य आहे, ओल्या फडक्याने सगळं गेलं असतं.

मोठी माणसं खेळण्यावर एवढे पैसे घालतात याचं नवल नागपूरकराने तरी करू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे तान्हा पोळा भरतो. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये तो सुरू केला असं सांगतात. पोरं लाकडी बैल घेऊन निघतात, पण बैल निवडतात ते बाप आणि आजोबा. हजारांत आणि त्याहून पुढे जाणाऱ्या नंदीपाशी उभा राहिलेला गिऱ्हाईक काय पाहतो? एकाच लाकडाचा आहे का जोडलेला, लाकूड कोणतं, शिंगांचा सांधा कसा बसवलाय, पाय चौरंगावर सरळ टेकतात का. किती भाग आहेत हे कुणी विचारत नाही. त्याच नजरेने फाल्कन पाहावा, एवढंच माझं म्हणणं.

राहिला पैशाचा प्रश्न. मॉस्कोच्या एका विद्यापीठातल्या दोन संशोधिकांनी १९८७ ते २०१५ मधल्या दोन हजारांहून जास्त लेगो सेटच्या किमती तपासल्या. बंद झालेल्या सेटवर सरासरी वर्षाला ११ टक्के परतावा निघाला. ही बातमी झळकली आणि लोकांनी न उघडलेली खोकी कपाटांत भरायला सुरुवात केली. सरासरीच्या पोटात नुकसान झालेलेही असतात हे बातमीत नव्हतं. २००७ चा फाल्कन बंद झाल्यावर त्याचा भाव काही हजार डॉलरांवर गेला होता. २०१७ मध्ये नवा जाहीर झाला आणि जुना घसरला. आणि हा नवा सेट? तो निघाल्यावर वर्षानुवर्षं बनतच राहिला, कपाटात कोंडून ठेवणाऱ्याला दुर्मीळतेचा फायदा मिळणार कुठून! शिवाय भारतात तेरा किलोंचं खोकं टपालाने पाठवायचं, ते न चेपता पोचायचं आणि घेणारा मिळायचा. म्हाताऱ्या आईबापांची पुंजी कुणी यात गुंतवत असेल तर त्याला थांबवा. वापरलेल्या सेटचा भाव पाहायचा तर 'ब्रिकलिंक' या सुट्या तुकड्यांच्या बाजारात, जो लेगोने २०१९ मध्ये विकत घेतला, प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे भाव पाहावेत. मागितलेल्या किमती कुणीही काहीही लिहितो.

२०२५ च्या ऑक्टोबरात लेगोने 'डेथ स्टार', 'स्टार वॉर्स'मधला तो गोलाकार अंतराळ-तळ, काढला: ९०२३ तुकडे, ३८ मिनीफिगर, ९९९.९९ डॉलर. खोक्यावरचा आकडा आणखी वाढला, भावाने हजारी गाठली. पण तो पूर्ण गोळा नाही. गोळ्याची उभी चकती आहे, आत खोल्याच खोल्या. खोल्यांची गर्दी, माणसांची गर्दी. तुकड्याला अकरा सेंट, म्हणजे भागाकार करणारे समाधानी. मी फक्त चित्रांवरून बोलतोय, सांगाडा हातात घेतलेला नाही, तरी एक गोष्ट दिसतेच: फाल्कन चारही बाजूंनी जहाज आहे, ही चकती एकाच बाजूने डेथ स्टार आहे. मला निवडायला सांगितलं तर आठ वर्षं जुना फाल्कनच घेईन.

मावसभावाला उत्तर दिलं ते असं. विकू नको. सील नाही, एक पोर्ग नाही, फलक खराब. पडेल भावाला जाईल आणि त्याच्यासारखा दुसरा आणायला दीडपट लागेल. पोर्ग मागवून घे. रंगकाम होईस्तोवर कवचं वेगळी पिशवीत, सांगाडा वेगळा ठेव. मग काचेचा टीपॉय करून घे, नागपुरात आहोत, सी.पी. टीकचे सुतार अजून आहेत. आत ९० बाय ६५ सेंटिमीटरची जागा, काचेला फट ठेवू नको, पश्चिमेच्या खिडकीपासून दूर. पुठ्ठ्याचं सपाट खोकं गादीखालून काढून कोरड्या कपाटात उभं ठेव.

त्याने सगळं मान्य केलं. वाद उरलाय तो तबकडीचा. सेटमध्ये दोन रडार येतात. गोल तबकडी जुन्या चित्रपटांची, ती १९८३ च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये धडकून तुटते, म्हणून २०१५ च्या चित्रपटातल्या जहाजावर चौकोनी. मावसभाऊ म्हणतो, आम्ही पाहिलेला फाल्कन गोलवाला. पुण्याहून पुतण्याचा निरोप आहे की चौकोनी काढली तर तो जहाज घेऊन जाईल. सध्या गोल बसवली आहे, आणि तो दिवाळीला येतोय.